कृत्रिम बुद्धिमत्ता आणि कला-वाणिज्य शाखेचा विद्यार्थी

कृत्रिम बुद्धिमत्तेच्या क्षेत्रात अभियांत्रिकीची पदवी नसताना शिरकाव होऊ शकतो काय, असा प्रश्न कला व वाणिज्य शाखेचे विद्यार्थी अलीकडे वारंवार विचारतात. या प्रश्नामागे नुसते कुतूहल नसते, पदवीनंतर पोट कशावर भरायचे ही विवंचना असते. तेव्हा त्याचे उत्तर भाषणबाजीने न देता थोड्या तपशिलाने दिले पाहिजे.

उदाहरणादाखल बुऱ्हाणपूर घेऊ. मध्य प्रदेशातील तापीकाठचे हे जुने शहर यंत्रमाग आणि केळी यांसाठी ओळखले जाते. २००३ साली खंडव्यापासून वेगळे होऊन ते जिल्ह्याचे ठिकाण झाले. संगणक-उद्योगाचे शहर म्हणून त्याचे नाव कोणी घेत नाही. मात्र तेथे मराठी, हिंदी, उर्दू व गुजराती एकाच बाजारात ऐकू येतात आणि आसपास निमाडी व खानदेशी बोली नांदतात. येथील अकबरकालीन जामा मशिदीत अरबीबरोबर संस्कृत शिलालेखही कोरलेला आहे. अशा गावात मराठी किंवा अर्थशास्त्र घेऊन बी. ए. करणाऱ्या विद्यार्थ्याला या नव्या विद्येत कोणते दार उघडे आहे? मराठी आणि कन्नड विभाग शेजारी-शेजारी छापणाऱ्या आपल्या मासिकाच्या वाचकांना हा प्रश्न परका वाटू नये.

प्रथम इतिहास पाहू. या शास्त्राचे पुष्कळसे जनक दुसऱ्याच विषयांतून आलेले आहेत. हर्बर्ट सायमन यांनी शिकागो विद्यापीठातून राज्यशास्त्रात डॉक्टरेट मिळविली. अॅलन न्यूएल व क्लिफ शॉ यांच्यासह त्यांनी १९५६ च्या सुमारास तर्कशास्त्रातील प्रमेये सिद्ध करणारी आज्ञावली तयार केली. पुढे १९७८ साली त्यांना अर्थशास्त्राचे नोबेल मिळाले. चुकांवरून शिकणारे ‘परसेप्ट्रॉन’ हे यंत्र १९५८ च्या सुमारास मांडणारे फ्रँक रोझेनब्लाट मानसशास्त्रज्ञ होते. १९४३ साली मेंदूतील पेशींचे गणिती प्रारूप मांडणाऱ्या दोघांपैकी वॉल्टर पिट्स यांच्याकडे तर पदवीच नव्हती. २०२४ सालच्या भौतिकशास्त्राच्या नोबेलचे एक मानकरी जेफ्री हिंटन यांची पहिली पदवी प्रायोगिक मानसशास्त्राची.

ही नावे वाचून हुरळून जाण्याचे मात्र कारण नाही. यांपैकी कोणीही गणित टाळून पुढे गेलेला नाही. सायमन यांनी राज्यशास्त्र शिकत असतानाच गणित व तर्कशास्त्राचा कसून अभ्यास केला होता, आणि पिट्स तर गणिताच्या तर्कशास्त्रातच मुरलेले. ‘गणिताशिवाय सहा महिन्यांत तज्ज्ञ’ अशा जाहिराती करणाऱ्या शिकवणी-वर्गांना फी भरण्यापूर्वी ही गोष्ट ध्यानी घ्यावी.

मग बाहेरून येणाऱ्याजवळ असे काय असते की जे आतल्याजवळ नसते? त्याचा स्वतःचा विषय आणि त्याची भाषा. भाषा हाताळणारे यंत्र उदाहरणांवरून शिकते. ही उदाहरणे कोणीतरी निवडावी लागतात आणि पुष्कळदा त्यांवर अर्थाच्या खुणाही कराव्या लागतात. पुण्यातील एल३क्यूब या गटाने २०२२ मध्ये मराठीतील २५,००० वाक्ये अशा रीतीने खुणावून प्रसिद्ध केली. त्यांत व्यक्ती, स्थळ, संस्था, तारीख इत्यादींची नावे माणसांनी वेगळी करून दाखविली आहेत. काम वरवर कारकुनी वाटते. परंतु बुऱ्हाणपूरचीच तीन वाक्ये घ्या. ‘तापीला पूर आला.’ ‘ताप्ती दुथडी भरून वाहते आहे.’ ‘ताप्ती-गंगा दोन तास उशिरा आली.’ पहिल्या दोन वाक्यांत नदी एकच आहे, फक्त एकात मराठी नाव व दुसऱ्यात हिंदी. तिसऱ्या वाक्यात नदीच नाही, ती सुरतेहून उत्तरेकडे जाणारी रेल्वेगाडी आहे. तसेच ‘आशा सोडली’ आणि ‘आशा घरी आली’ यांतील भेद. तेथल्या फलाटावर उभा राहिलेला विद्यार्थी हे क्षणात सांगेल, पण दूरच्या शहरातील निष्णात अभियंत्याला ते विचारूनच कळेल.

आता या खुणा कितपत भरवशाच्या, हे कसे ठरवावे? येथे एक लहानसा धडा करून पाहण्याजोगा आहे. समजा, केळीच्या व्यापाराविषयीची शंभर वाक्ये दोन विद्यार्थ्यांना स्वतंत्रपणे दिली आणि प्रत्येक वाक्यात ‘तक्रार आहे’ की ‘नाही’ हे नोंदवावयास सांगितले. दोघांनीही प्रत्येकी ५० वाक्यांना ‘आहे’ म्हटले आणि ८० वाक्यांवर त्यांचे एकमत झाले. डोळे मिटून खुणा केल्या असत्या तरी सुमारे ५० वाक्यांवर योगायोगाने एकमत झालेच असते. म्हणून खरे एकमत मोजताना ८० मधून ५० वजा करावयाचे आणि उरलेल्या ३० ला १०० वजा ५०, म्हणजे ५० ने भागावयाचे. उत्तर ०.६.

दुसऱ्या खेपेस दोघांनी प्रत्येकी फक्त १० वाक्यांना ‘आहे’ म्हटले व ९० ना ‘नाही’, आणि एकमत झाले ८२ वाक्यांवर. आकडा पहिल्यापेक्षा मोठा दिसतो. परंतु योगायोगाचे एकमत किती? ०.९ गुणिले ०.९ म्हणजे ०.८१, त्यात ०.१ गुणिले ०.१ म्हणजे ०.०१ मिळविले की ०.८२. म्हणजे शंभरात ८२! खरे एकमत शून्य. या मापास ‘कप्पा’ म्हणतात. १९६० साली ते सुचविणारे जेकब कोहेन हेदेखील मानसशास्त्रज्ञच. असे शून्य आले की यंत्राला दोष देण्यात अर्थ नसतो. ‘तक्रार’ कशाला म्हणावयाचे याची व्याख्याच ढिली राहिलेली असते. ती व्याख्या घट्ट करणे, वादग्रस्त वाक्ये काढून त्यांवर नियम लिहिणे, हे खरे कौशल्याचे काम आणि ते वाङ्मयाच्या वा समाजशास्त्राच्या विद्यार्थ्याला उत्तम साधते.

एक भेद मात्र स्पष्ट सांगावयास हवा. नुसत्या खुणा करून देणे हे बहुधा नगावर मोबदला मिळणारे काम आहे. त्यात वर्षानुवर्षे राहून वरची पायरी आपोआप येत नाही. यंत्रमागावर तागे मोजणारा आणि वीण ठरविणारा यांच्यात जे अंतर असते तेच येथेही आहे. ते ओलांडावयाचे तर संभाव्यता, सदिश व सारणी यांचे बीजगणित, थोडे कलन आणि ‘पायथन’ ही संगणकभाषा यांना पर्याय नाही. संभाव्यतेपासून आरंभ करावा. वरचे उदाहरण ज्याला समजले त्याची सुरुवात झालेलीच आहे. कलनाची धास्ती पुष्कळांना असते, पण पहिल्या वर्षी त्याचे फारसे काम पडत नाही.

शिकण्याची सोयही आता दुर्मिळ नाही. आयआयटी व बंगळूरची भारतीय विज्ञान संस्था यांच्या एनपीटीईएल योजनेतील व्याख्याने विनामूल्य ऐकता येतात, शुल्क पडते ते प्रमाणपत्राच्या परीक्षेला. आयआयटी मद्रासने २०२० मध्ये जाहीर केलेला विदाशास्त्राचा दूरस्थ अभ्यासक्रम तर बारावीला कोणतीही शाखा असलेल्यास खुला आहे. दहावीला गणित व इंग्रजी हवे. जेईई लागत नाही, चार आठवड्यांच्या पूर्वतयारीनंतर पात्रता-परीक्षा असते. नियमित पदवी करीत असतानाही तो घेता येतो. अडचण आहे ती इंग्रजीची. व्याख्याने मुख्यतः त्याच भाषेत असल्याने पहिले दोन-तीन महिने जड जातात, हे गृहीत धरूनच नाव नोंदवावे.

नोकरीसाठी अर्ज करताना प्रमाणपत्रांच्या चळतीपेक्षा हाताने केलेले एक काम अधिक बोलते. तीन-चार विद्यार्थ्यांनी मिळून बाजारातील बोली, केळीचे लिलाव किंवा मागावरची कामे यांविषयी पाचशे वाक्ये जमवावीत. बोलणाऱ्यांची संमती घ्यावी आणि त्यांची नावे गाळावीत. वर्तमानपत्रातील मजकूर परवानगीवाचून उचलू नये. मग खुणांचे नियम दोन पानांत लिहावेत, कप्पा काढावा, कोठे व का मतभेद झाले ते नोंदवावे आणि शेवटी एखादी साधी आज्ञावली त्या वाक्यांवर चालवून तिच्या चुका तपासाव्यात. आपल्या महाविद्यालयात तर हीच वाक्ये मराठी व कन्नड अशी जोडीने करता येतील. भारत सरकारने २०२२ मध्ये सुरू केलेल्या ‘भाषिणी’ उपक्रमात यांत्रिक भाषांतरासाठी अशाच जोड्या लागतात. हे सारे एका सत्रात होण्याजोगे आहे. संख्याशास्त्राच्या प्राध्यापकांना आणि दोन्ही भाषांच्या विभागांना एका टेबलाशी बसविणे, एवढे मात्र विद्यार्थ्यांनाच करावे लागेल.