नवशिक्याने रॉकेट-ग्लायडर कसा निवडावा



मॉडेल रॉकेट-ग्लायडर रॉकेटसारखा सरळ वर चढतो आणि विमानासारखा तरंगत खाली येतो. या दोन कामांच्या गरजा एकमेकींच्या उलट असतात. चढताना गुरुत्वमध्य बराच पुढे असावा लागतो आणि पंखांनी उचल जवळजवळ निर्माणच करायची नसते. वेगात उचल निर्माण झाली की यान पाठीमागे वळते आणि आकाशात वर्तुळ घालून जमिनीवर आपटते. तरंगताना मात्र गुरुत्वमध्य मागे सरकलेला हवा आणि पंखांनी वजन पेललेले हवे. म्हणून शिखराजवळ यानात काहीतरी बदल घडवून आणावा लागतो. हा बदल जितका साधा, तितका ग्लायडर उडवायला सोपा. नवशिक्याने निवडीची पहिली कसोटी हीच मानावी. उंची, वेग आणि देखणेपणा यांचा विचार त्यानंतर करावा.

हा बदल घडवण्याच्या पद्धतींवरून दोन मुख्य प्रकार पडतात. बूस्ट-ग्लायडरमध्ये मोटर असलेला भाग शिखरावर वेगळा होतो, आणि हलका झालेला ग्लायडर एकटाच तरंगत येतो. दुसऱ्या प्रकाराला काटेकोर अर्थाने रॉकेट-ग्लायडर म्हणतात. त्यात काहीच सुटे होत नाही. पंख उघडतात, सरकतात किंवा शेपटीचा कोन बदलतो. त्यासाठी बिजागऱ्या, रबर आणि जळून तुटणारा दोरा अशी जुळणी लागते, आणि त्यातले काहीही अडकले तर यान हातचे जाते. सुरुवात म्हणूनच बूस्ट-ग्लायडरने करावी.

अमेरिकेत १९६० च्या दशकाच्या आरंभीच्या बूस्ट-ग्लायडरांत मोटर शेपटीकडे असे. लॅरी रेंगर यांनी १९६३ मध्ये ‘स्काय स्लॅश’ या ग्लायडरात ती नाकाकडे आणली. मोटर पुढे असली की चढताना गुरुत्वमध्य आपोआप पुढे राहतो आणि मोटर गेल्यावर तो आपोआप मागे सरकतो. हलणाऱ्या भागांची गरजच उरत नाही. या मांडणीतून रुळलेला सुटा पॉड, म्हणजे नाकाजवळच्या आकड्यात अडकवलेली छोटी मोटरनळी, आजही नवशिक्याला सर्वांत सोयीची आहे. मोटरच्या शेवटच्या स्फोटाने पॉडचे नाक उडते, नळीला मागे झटका बसतो आणि आकडा सुटतो. पॉड आपल्या कागदी पट्टीच्या आधाराने वेगळा खाली येतो.

किट निवडताना पंख अखंड बाल्साच्या फळीचे आहेत का, हे पाहावे. बरगड्या जोडून कागद ताणलेले पंख हलके असतात, पण पहिल्याच धडकेत फाटतात. पंखांची टोके मध्यापेक्षा उंच उचललेली असावीत; अशा पंखांचा ग्लायडर एका बाजूला कलला तरी स्वतःच सावरतो. लांब दांडी आणि पुरेशी मोठी शेपूट हीही सुलभतेची लक्षणे. लढाऊ विमानांच्या हुबेहूब प्रतिकृतींना बहुधा लहान शेपूट आणि जड नाक असते. त्या दुकानात मन ओढून घेतात, पण पहिल्या ग्लायडरसाठी टाळाव्यात.

मोटर छोटी घ्यावी. मोटरवरचे अक्षर एकूण आवेग सांगते: ए वर्गात तो २.५ न्यूटन-सेकंदांपर्यंत, बी वर्गात ५ पर्यंत आणि सी वर्गात १० पर्यंत असतो. त्यापुढचा आकडा सरासरी रेटा न्यूटनमध्ये देतो आणि शेवटचा आकडा इंधन संपल्यापासून स्फोटापर्यंतचे सेकंद. रुंद पंखांमुळे ग्लायडरचा वेग साध्या रॉकेटपेक्षा लवकर ओसरतो, म्हणून विलंब कमी हवा. ए८-३ आणि ए८-५ यांपैकी ग्लायडरला पहिली योग्य. विलंब लांबला तर यान नाक खाली करून वेग घेते, आणि त्या वेगात पॉड सुटला तर पंख मोडतात. तरीही शेवटचा शब्द किटच्या सूचनापत्रात शिफारस केलेल्या मोटरचाच.

उड्डाणापूर्वीचे सर्वांत महत्त्वाचे काम मोटरशिवाय होते. पॉड काढून ग्लायडर खांद्याच्या उंचीवरून, क्षितिजाच्या किंचित खाली नेम धरून, हळूच सोडावा. तो नाक वर करून अडखळत असेल तर नाकाला चिकणमातीची छोटी गोळी लावावी. सूर मारत असेल तर मातीचा भार कमी करावा. शेवटी त्याने मोठ्या वर्तुळात सावकाश वळत उतरायला हवे, म्हणजे तो मैदानाबाहेर जात नाही. मग पॉडची परीक्षा घ्यावी. पॉड धरून नाक वर केल्यास ग्लायडर लटकून राहावा आणि नाक खाली केल्यास आपसूक सुटावा. आकडा घट्ट असला किंवा पट्टी पंखात गुंतली की दोन्ही एकत्र कोसळतात. अमेरिकी हौशी मंडळी या अपघाताला ‘रेड बॅरन’ म्हणतात.

अमेरिकेच्या नॅशनल असोसिएशन ऑफ रॉकेट्री या संस्थेची सुरक्षासंहिता लहान मोटरसाठी सुमारे ५ मीटर अंतरावरून विजेने प्रज्वलन करायला सांगते. ए वर्गासाठी मैदानाची किमान लांबी-रुंदी सुमारे ३० मीटर आणि बी वर्गासाठी ६० मीटर दिलेली आहे. ग्लायडर वाऱ्याबरोबर वाहत जातो, म्हणून त्याला याहून बरीच मोठी जागा लागते. सकाळची शांत हवा उत्तम. दुपारी तापलेल्या जमिनीवरून उठणाऱ्या हवेच्या झोतात हलका ग्लायडर सापडला तर तो दृष्टीआड जाऊ शकतो. पंखांची खालची बाजू गडद रंगवावी, मात्र रंगाचा थर पातळ ठेवावा. जाड रंगाने वजन वाढते आणि बारीक पंख वाकतात.

रेडिओने चालणारे ग्लायडर पुढच्या टप्प्यावर घ्यावेत. त्यांना मंद रेट्याच्या, जास्त वेळ जळणाऱ्या मोटरी लागतात आणि चढतानाच सुकाणू सांभाळावे लागते. ते हाताळण्याआधी साध्या रेडिओ ग्लायडरचा सराव हवा. सुट्या पॉडचा ग्लायडर ए मोटरवर दर वेळी सरळ चढून संथ उतरू लागला, की आधी बी मोटर, मग सरकत्या किंवा उघडणाऱ्या पंखांचे यान आणि शेवटी रेडिओ, हा क्रम योग्य ठरतो.