संगणकाची कार्यप्रणाली बदलण्यापूर्वी

वसई रोड-दिवा रेल्वेमार्गावरील जूचंद्र हे गाव रांगोळी कलावंतांचे गाव म्हणून ओळखले जाते. प्रदर्शन संपले की रांगोळी पुसली जाते. मागे राहते ते तिचे छायाचित्र, आणि आज तेही बहुधा संगणकातील फाइलच्या रूपाने. अशा संगणकावर पूर्ण तयारी न करता नवी कार्यप्रणाली बसविली, तर ती कलाकृती दुसऱ्यांदा पुसली जाते. शाळेची निकालपत्रके व ग्रामपंचायतीची इतिवृत्ते यांनाही हाच धोका असतो.

मायक्रोसॉफ्टने १४ ऑक्टोबर २०२५ रोजी विंडोज १० या कार्यप्रणालीचे नियमित साहाय्य थांबविले. त्यामुळे अनेक कार्यालयांपुढे हा प्रश्न उभा राहिला आहे. डेस्कटॉपवर दिसणाऱ्या फाइली प्रत्यक्षात सामान्यतः 'सी' भागात असतात आणि नव्या मांडणीत नेमका तोच भाग कोरा केला जातो. 'डी' भाग सुरक्षित असतो हा समजही भ्रामक होय, कारण तो पुष्कळदा त्याच डिस्कचा दुसरा कप्पा असतो. प्रत संगणकाबाहेरच, स्वतंत्र हार्डडिस्कवर घ्यावी व प्रणाली बसविताना ती डिस्क काढून ठेवावी. तंत्रज्ञास "डेटा घ्या" एवढेच सांगणे पुरेसे नाही. डेटा कोठे आहे हे त्या टेबलावर काम करणाऱ्यासच ठाऊक असते.

मराठी दप्तराची एक वेगळी अडचण आहे. युनिकोडचा वापर रूढ होण्यापूर्वी मजकूर श्रीलिपी, कृतिदेव किंवा सी-डॅकच्या डीव्हीबी-टीटी सुरेख यांसारख्या फॉन्टमध्ये टंकित होत असे. त्यांत इंग्रजी अक्षरे व चिन्हे यांच्या जागी देवनागरी आकार बसविलेले असतात. नव्या प्रणालीत तो फॉन्ट नसल्यास फाइल उघडते, परंतु ठराव वाचावा तर निरर्थक चिन्हे दिसतात. मजकूर नष्ट झालेला नसतो, फॉन्ट परत बसविताच तो दिसू लागतो. म्हणून फॉन्टच्या फाइलींचीही प्रत घ्यावी, त्या सॉफ्टवेअरचा परवाना जपावा आणि सवड मिळताच जुना मजकूर युनिकोडमध्ये आणावा. हे काम कंटाळवाणे आहे खरे, पण टाळण्याजोगे नाही.

डिस्क बिटलॉकरने बंद असल्यास तिची ४८ अंकी पुनःप्राप्ती चावी आधीच लिहून ठेवावी. व्हॉट्सअ‍ॅपवर पाठविलेले छायाचित्र मूळ प्रत मानू नये. ते सामान्यतः आकुंचित होऊन जाते आणि रांगोळीतील सूक्ष्म रंगछटा हरवतात.

घेतलेल्या प्रतीतील काही फाइली दुसऱ्या संगणकावर उघडून पाहाव्यात व त्यानंतरच जुना भाग कोरा करण्यास संमती द्यावी. जुलै २०१८ मध्ये वसई परिसर जलमय झाला होता, हे ध्यानात घेता दुसरी प्रत अन्य इमारतीत असणे इष्ट. नागरिकांच्या नोंदी मात्र कोणाच्या खासगी ऑनलाइन खात्यात ठेवू नयेत.

नवी प्रणाली सुरळीत चालू लागली तरी प्रत निदान वर्षभर राखावी. मार्चअखेरच्या हिशेबाची फाइल राहून गेल्याचे पुष्कळदा पुढच्या मार्चमध्येच कळते.