बनवणारा बांधावर नसतो

ॲप, यंत्र किंवा साधा सरकारी फॉर्म बनवणाऱ्याने स्वतःला वापरणाऱ्यांत धरावे का? माझ्या मते धरावे, पण सगळ्यांत कमी वजनाचे मत असलेला माणूस म्हणून. ई-पीक पाहणी ॲपचेच बघा. पूर्वी गाव नमुना बारामध्ये पिकाची नोंद तलाठी करायचा. 15 ऑगस्ट 2021 पासून राज्यभर ते काम शेतकऱ्याच्या मोबाईलवर आले. कल्पना चांगलीच. पण तेलंगणाच्या सीमेवरच्या धर्माबादच्या शिवारात ‘शेतकरी’ म्हणजे नेमका कोण, हे आधी ठरवा. सातबाऱ्यावर नाव असलेला कामासाठी हैदराबादेत, शेत बटईने दिलेले, आणि बटईदाराचे नाव कुठल्याच कागदावर नाही. कोणाच्या घरात बोली तेलुगू, कागद मात्र मराठीत. स्मार्टफोन असतो तो मुलाचा, आणि मुलगा नांदेडला शिकायला. फोटो तर शेतात उभे राहूनच काढायचा. बनवणाऱ्याच्या डोळ्यांपुढे यांतला एक जरी आला, तरी त्याचा विचार तिथेच थांबतो, कारण तो स्वतः यांतला कोणीच नसतो.

शिवाय एक फरक सहसा कोणी मोजत नाही. बनवणारा आपले ॲप दिवसातून दहा वेळा उघडतो, शेतकरी हंगामातून एकदा. खरिपात शिकलेले रब्बीपर्यंत विसरलेले असते, म्हणजे तो दर वेळी नवखाच. कोणते बटण कुठे आहे हे एकदा कळल्यावर ते न कळल्यासारखे वागणे कोणालाही जमत नाही. म्हणून स्वतः वापरून बिघाड सापडतील, ते शोधलेच पाहिजेत. पण ‘मला जमले’ हा सोपेपणाचा पुरावा नव्हे. आणि चुकले तर भुर्दंड बनवणाऱ्याला नाही. हमीभावाने सोयाबीन घालायचे तर सातबाऱ्यावर पीकपेरा लागतो; नोंद राहिली की माल आडतीवर, मिळेल त्या भावाने.

यावर पुण्या-हैदराबादेतली आमचीच पोरे म्हणतात, ‘आम्ही शेतकऱ्याच्याच घरचे.’ खरे आहे, पण त्यांना आठवते ते वडिलांचे शेत. आजचा बटईदार त्यात नसतो. उलट, अर्धवट ओळखीच्या भरवशावर माणूस विचारायचेच सोडतो. दुसरा आक्षेप जास्त वजनदार आहे: लोकांना विचारत बसले असते तर लक्ष्मणराव किर्लोस्करांचा लोखंडी नांगर आलाच नसता. 1903 च्या सुमारास लोखंडाने जमीन विषारी होते असा समज होता, गिऱ्हाईक मिळेना. मान्य. वस्तू असावी की नसावी, हे बनवणाऱ्याने हट्टाने ठरवावे. ती हातात बसते की नाही, हे मात्र नांगर धरणाराच सांगणार.

म्हणून विचारूही नका, बघा. पाहुण्याला कोण तोंडावर वाईट म्हणेल? ‘चांगलं हाय की’ एवढेच ऐकू येईल. पेरणीनंतर भर दुपारी, जुना फोन आणि तुटक रेंज असलेल्या माणसाशेजारी बांधावर बसा, सोयाबीनमध्ये तूर घेतलेले शेत निवडा, आणि बोट कुठे अडते ते टिपा. बोट दाखवायचा मोह आवरा. काम सोडून देणाऱ्याची नोंद पुरे करणाऱ्याच्या आधी लिहा. आणि ज्याचे नाव सातबाऱ्यावर नाही, त्या बटईदाराला पहिल्यांदा बोलवा. शेतात रोज तोच असतो.