मुलांनी विचारले तर?



यहोशवाच्या ग्रंथाच्या चौथ्या अध्यायात एक साधी गोष्ट आहे. इस्राएल लोक यार्देन नदी ओलांडताना एका वंशामागे एक असे बारा दगड पात्रातून उचलतात आणि गिलगाल येथे रचून ठेवतात. हेतू एवढाच, की पुढे लेकरांनी ‘हे दगड कसले?’ असे विचारावे आणि आईबापांनी त्यांना सांगावे. आधी हातांनी काही रचले, मग प्रश्न आला, मग इतिहास सांगितला गेला. माणसाचे ज्ञान इंद्रियांपासून सुरू होते, असे संत थॉमस अक्वायनस म्हणतात ते हेच.

आपल्या घरी मात्र बहुधा सनावळी पाठ करून घेतली जाते. मग कोणी विचारले, “तुम्ही लोक मूळचे कुठले?” तर आपले लेकरू खाली मान घालते. आईवडील हेच मुलांचे पहिले शिक्षक आहेत, असे दुसऱ्या व्हॅटिकन परिषदेने 1965 साली ख्रिस्ती शिक्षणाविषयीच्या जाहीरनाम्यात सांगितले. त्यासाठी पदवी लागत नाही. सुट्टीत घरी करता येतील असे चार उपक्रम आम्ही येथे देत आहोत.

1. काळाची दोरी. लांब सुतळीला एकेक वीत अंतरावर गाठी मारा. एक वीत म्हणजे 100 वर्षे. पहिली गाठ प्रभू येशूच्या जन्माची. तिच्यापुढे वीस विती आणि वर पाव वीत मोजली की आपण आजच्या दिवसावर येतो. आपला अमरावती धर्मप्रांत 1955 साली स्थापन झाला. त्याची चिठ्ठी साडेएकोणिसाव्या वितीवर लावा. आजीचा जन्म शेवटच्या वितीत येतो. प्रभूचा काळ आपल्यापासून केवळ वीस विती दूर आहे, हे मुलांना डोळ्यांनी दिसते.

2. मातीचा नरनाळा. काळ्या मातीत कुटार मिसळा, म्हणजे वाळताना भेगा कमी पडतील. तुराट्यांचा तट आणि पुठ्ठ्याचा महाकाली दरवाजा करा. आपल्या उत्तरेला सातपुड्यात उभ्या असलेल्या या गडाच्या त्या दरवाज्यावर 1487 चा शिलालेख आहे. बहामनी सरदार फतहुल्ला इमाद-उल-मुल्क याने तो दरवाजा बांधवला. हा माणूस जन्माने विजयनगरकडचा ब्राह्मण होता, असे इतिहासकार फिरिश्ता सांगतो. आपल्या जवळच्या अडगावला 29 नोव्हेंबर 1803 रोजी नागपूरकर भोसल्यांच्या फौजेची इंग्रजांशी लढाई झाली. तिथला इंग्रज सेनापती वेलस्ली हाच पुढे 1815 साली वॉटर्लूला नेपोलियनविरुद्ध लढला. मूल विचारील, “यातले आपले कोण?” घाईने उत्तर देऊ नका. दगड कोणी फोडले, पाणी कोणी वाहिले, हेही त्याला विचारा. खरा इतिहास द्वेष शिकवत नाही. तो माणसे दाखवतो.

3. ख्रिस्तपुराणाचे वाचन. इंग्लंडमध्ये जन्मलेले येशूसंघीय फादर थॉमस स्टीफन्स 1579 साली गोव्यात आले, मराठी शिकले आणि सुमारे 11,000 ओव्यांचा ग्रंथ रचून 1616 साली छापला. तो रोमन लिपीत होता. देवनागरी आवृत्ती 1956 साली आली. रात्री प्रार्थनेनंतर चार ओव्या मोठ्याने वाचा. भाषा जुनी आहे, म्हणून मुलांना ओळखीचे शब्द शोधायला लावा. जो जास्त शब्द शोधेल त्याने दुसऱ्या दिवशी वाचायचे. प्रत नसेल तर मिस्सानंतर आमच्याकडून काही पाने न्यावीत.

4. आजीची वही. आपल्या घरात पहिला बाप्तिस्मा कोणाचा झाला? ते कोणत्या गावी राहत? शेतात काय पेरत? त्यांना काही सोसावे लागले का? मुलाने विचारावे आणि आजी-आजोबा जसे वऱ्हाडीत बोलतील तसेच लिहावे. शब्द सुधारू नयेत. हे काम आधी करा. दोरी आणि किल्ला पुढच्या वर्षीही करता येतील, पण आजीच्या आठवणी तिच्याबरोबरच जातात. मागच्या काही वर्षांत आपण ज्यांना मातीत ठेवले, त्यांच्यातील कितीजणांना आपण काही विचारले होते?

एवढे केलेल्या मुलाला ‘मूळचे कुठले?’ या प्रश्नाचे भय उरणार नाही. ते सांगेल, “आम्ही याच मातीतले. सुवार्ता दूरून आली, पण ती आमच्या भाषेत बोलली.” हे उत्तर खरे आहे, आणि ते देताना मान खाली घालावी लागत नाही.

सुट्टी संपल्यानंतरच्या पहिल्या रविवारी मुलांनी आपापल्या दोऱ्या चर्चमध्ये आणाव्यात. आपण त्या व्हरांड्यात शेजारी शेजारी बांधू.

प्रभू आपल्या कुटुंबांना आशीर्वाद देवो.

— आपले धर्मगुरू