परवाना फाडण्याआधी

मे महिन्यात कुरखेड्याच्या जंगलात माणसं पहाटेच निघतात. उन्हं चढायच्या आत तेंदूपान तोडायचं, घरी ७०-७० पानांचे पुडे बांधायचे आणि सांजेला फळीवर, म्हणजे पान मोजून घेण्याच्या जागी, न्यायचे. मी ग्रामसभेच्या तेंदू समितीत होतो, तेव्हा एका कंत्राटदाराने लिलावात चढा भाव लावला. थोडी अनामत भरली. करारनाम्यात रक्कम होती, पैसे कधी देणार ती तारीख नव्हती. फळीवर त्याचा मुन्शी शेकड्यामागे चार पुडे जादा घ्यायचा, तेही आम्ही चालू दिलं.

पुढे बाजार पडला. ‘पान काळं निघालं, हा भाव परवडत नाही,’ असा फोन आला. तोवर पुडे भरलेले सगळे बोद त्याच्या गोदामात पोचले होते. पाऊस लागला, धानाच्या बियाण्याला पैसे हवे होते. एक बाई रोज दाराशी येऊन विचारायची, ‘भाऊ, पैसे येतीन ना जी?’ माझ्याकडे उत्तर नव्हतं.

बोद गावाबाहेर गेले ते आमच्याच सहीने. वनहक्क कायद्याच्या २०१२ च्या सुधारित नियमांनी गौण वनोपजाचा वाहतूक परवाना ग्रामसभेच्या समितीकडे दिला आहे. आपल्याच जिल्ह्यात मेंढा (लेखा) गावाला बांबूचं परवानापुस्तक २७ एप्रिल २०११ ला मिळालं, तेही मोठ्या झगड्यानंतर. तोच कागद मी कंत्राटदाराच्या शब्दावर फाडून दिला.

म्हणून समितीतल्या पोरांना सांगतो, लिलावाच्या दिवशीच हप्त्यांच्या तारखा लिहून घ्या. पान नापसंत करायचं तर फळीवरच, पुडा मोजताना; नंतर नाही. लिहून द्यायला कंत्राटदार कुरकुर करील, करू द्या. युरोपीय संघाने २०१९ साली शेतमालासाठी कायदा केला. मागूनही अटी लेखी न देणं त्यात अन्याय्य व्यवहार ठरतं, नाशवंत मालाचे पैसे ३० दिवसांत द्यावे लागतात, आणि परदेशातून माल पाठवणाऱ्यालाही हे संरक्षण आहे. आपल्या फळीवर तो कायदा चालत नाही. पण आपण मागतो ते जगावेगळं नाही, एवढं त्यावरून कळतं.

मागच्या हंगामात ट्रक भरून दोन दिवस फळीवर उभा होता. ड्रायव्हर चिडला, कंत्राटदाराचे फोनावर फोन आले. परवानापुस्तक सचिवाच्या पेटीत कुलपात होतं. तिसऱ्या दिवशी दुपारी ग्रामसभेच्या खात्यात पैसे जमा झाले, मग पेटी उघडली.