शेजाऱ्यांचा कुत्रा ‘काही करत नाही’, तरीही…

प्रश्न : आमच्या मजल्यावरच्या शेजाऱ्यांचा लॅब्रॅडॉर दिवसभर भुंकतो. संध्याकाळी त्याला पट्ट्याशिवायच जिन्यात सोडतात. बोलायला जावं तर ‘तो काही करत नाही हो’ हे ठरलेलं उत्तर. भांडण न करता काय करता येईल? सोसायटी कुत्रा पाळायला बंदी घालू शकते का?
– एक वाचक, कोथरूड, पुणे

उत्तर : ‘तो काही करत नाही’ हे खोटं नाही. घरच्यांना तो काही करत नाहीच. तुम्ही घरचे नाही, एवढाच फरक!

आधी भुंकण्याचं बघू. कुरिअरवाला दाराशी येतो, कुत्रा भुंकतो, कुरिअरवाला निघून जातो. तो तसाही जाणारच होता. पण कुत्र्याला वाटतं, आपण त्याला पिटाळलं. असं रोज ‘यश’ मिळालं की सवय पक्की होते. त्यात तुम्ही भिंतीवर थापा मारल्यात, तर त्याला तीही साथच वाटणार. घर रिकामं असतानाच तो भुंकत असेल तर मात्र कारण वेगळं : एकटेपणा किंवा कंटाळा. आणि गंमत अशी, की हे भुंकणं मालकांनी कधी ऐकलेलंच नसतं. म्हणून आठवडाभर वेळा टिपून ठेवा, मोबाइलवर एखादं रेकॉर्डिंग करा आणि एखाद्या निवांत संध्याकाळी दाखवा. तक्रार म्हणून नको, माहिती म्हणून. बाहेर जाण्याआधी त्याला चांगलं लांब फिरवून आणलं, जिन्याकडचं लाकडी दार लावून ठेवलं, तरी बराच फरक पडतो.

जिन्यात तो मोकळा समोर आला तर पळू नका; पळणाऱ्याच्या मागे धावणं त्याच्या रक्तातच आहे. हात उगारून ‘हाड हाड’ही नको. थोडं तिरकं उभं राहा, हात अंगालगत, नजर त्याच्या डोळ्यांत नको. शेपटी हलतेय म्हणजे स्वारी खुशीत, असं समजू नका. ताठ, उंच धरलेली शेपटी भराभर हलत असेल तर तो ताणाखाली असू शकतो. ‘भुंकणारं कुत्रं चावत नाही’ ही म्हणही जिन्यात उपयोगाची नाही. भुंकणं हा इशारा असतो, हमी नव्हे. चावलाच तर जखम वाहत्या पाण्याखाली साबणाने पंधरा मिनिटं धुवा आणि त्याच दिवशी दवाखाना गाठा, मग कुत्र्याला लस दिलेली का असेना.

आता बंदीचं. ती घालता येत नाही. भारतीय जीवजंतू कल्याण मंडळाच्या २०१५च्या मार्गदर्शक सूचनांनुसार पाळीव कुत्र्यांना लिफ्टबंदीही करता येत नाही. पण त्याच सूचना मालकांना सार्वजनिक जागी पट्टा बांधायला सांगतात. शिवाय प्राण्यापासून इतरांना धोका होऊ नये याची काळजी न घेणाऱ्या मालकाला भारतीय न्याय संहितेच्या कलम २९१नुसार ६ महिन्यांपर्यंत कैद, ५००० रुपयांपर्यंत दंड किंवा दोन्ही होऊ शकतात. उलट, चिडून कुत्र्याला कुणी विष घातलं किंवा जायबंदी केलं, तर कलम ३२५खाली ५ वर्षांपर्यंत कैद होऊ शकते.

कलमं तूर्त खिशातच राहू द्या. शेजाऱ्यांकडे एकच गोष्ट मागा : दाराबाहेर पाऊल टाकताना पट्टा. ते ऐकलं नाही, तर सेक्रेटरींकडे लेखी अर्ज द्या आणि त्याची पोच घ्यायला विसरू नका.