किडनी नाजूक असताना अँजिओग्राफी: डाय कमी, बिलही कमी

किडनीचा आजार आहे आणि हृदयाची किंवा पायाची अँजिओग्राफी सांगितली आहे? रक्तवाहिन्या दिसाव्यात म्हणून सोडलेला डाय किडनीला त्रास देऊ शकतो. म्हणून तारीख घेण्याआधी क्रिएटिनिन तपासून घ्या. खर्च साधारण काहीशे रुपये. रिपोर्टवर ईजीएफआर, म्हणजे किडनी किती काम करते याचा आकडा, नसेल तर लॅबकडून मागून घ्या. तो 30च्या खाली असेल तर आधी नेफ्रॉलॉजिस्टना दाखवा. हार्ट अटॅक आला असेल तर मात्र यासाठी थांबू नका.

सोबत न्या: जुने क्रिएटिनिनचे रिपोर्ट, आधीच्या अँजिओग्राफीची सीडी, चालू औषधांची यादी. सीडी असली तर डायचे काही शॉट वाचतात. वेदनाशामक गोळ्या आणि मेटफॉर्मिन कधी बंद, कधी सुरू, हे डॉक्टरांकडून लिहून घ्या.

डॉक्टरांना विचारा: किती मिलीलिटर डाय लागेल? ढोबळ हिशोब असा, की डाय ईजीएफआरच्या तिपटीच्या आत राहावा. ईजीएफआर 30 असेल तर 90 मिलीलिटरच्या आत. त्याहून कमी झाला तर उत्तमच. तातडी नसेल तर डाय विभागून जावा म्हणून अँजिओग्राफी आणि अँजिओप्लास्टी वेगवेगळ्या दिवशी करता येते. पण दोनदा भरती म्हणजे दोनदा कॅथलॅबचं भाडं, म्हणून दोन्हींचा अंदाजखर्च आधीच लेखी घ्या. पायाच्या रक्तवाहिन्यांसाठी काही ठिकाणी डायऐवजी कार्बन डायऑक्साइड वापरतात. हृदय आणि मेंदूसाठी तो चालत नाही. आयव्हसने, म्हणजे रक्तवाहिनीच्या आतून केलेल्या सोनोग्राफीने, डाय बराच वाचतो, पण त्याच्या कॅथेटरने बिल हजारोंनी वाढतं. ते पॅकेजमध्ये आहे का, विचारा.

कशावर पैसे घालवू नयेत? किडनी वाचवण्यासाठी म्हणून दिल्या जाणाऱ्या एन-ॲसिटिलसिस्टीनचा उपयोग 2018च्या मोठ्या चाचणीत दिसला नाही. डाय धुऊन काढायला म्हणून लगेच डायलिसिस करण्याचीही सहसा गरज नसते. उपयोगी पडतं ते साधं सलाइन, तेही डॉक्टरांनी ठरवलेल्या वेगाने. हृदय कमजोर असेल तर जास्त पाणी अंगावर येतं, म्हणून मनाने घटाघटा पिऊ नका.

बिल तपासताना डायच्या बाटल्या मोजा. हृदयाच्या स्टेंटला सरकारी कमाल किंमत आहे. ब्रँड आणि किंमत बिलात वेगळी दाखवलेली हवी. पायाच्या स्टेंटला ही मर्यादा लागू नाही, तिथला भाव आधीच ठरवा. महाराष्ट्रात असाल तर रेशनकार्ड आणि आधार घेऊन भरतीआधीच रुग्णालयातल्या महात्मा फुले जन आरोग्य योजनेच्या आरोग्यमित्राला गाठा. पैसे भरल्यावर गेलात तर परतावा मिळवताना दमछाक होते.

डिस्चार्ज कार्डावर किती मिलीलिटर डाय वापरला ते लिहून घ्या. 48 ते 72 तासांनी क्रिएटिनिन पुन्हा तपासा. तोवर तुम्ही घरी आलेले असता, त्यामुळे ही तपासणी हमखास राहून जाते. लघवी कमी झाली किंवा सूज आली, तर 72 तासांची वाट न पाहता दवाखाना गाठा.